जळालेल्या फ्यूजला नमस्कार

एकदा एका शिष्याने स्वतःच्या हातांनी विमान बांधायला घेतले. लहानसेच, दोघांपुरते. पंख झाले, इंजिन बसले, आणि शेवटी वैमानिकासमोरच्या पॅनेलचे काम उरले. उंची, वेग, दिशा सांगणारी उपकरणे आणि रेडिओ, या सगळ्यांच्या तारा त्याने कुणाला हात लावू न देता एकट्याने जोडल्या. एका संध्याकाळी त्याने पहिल्यांदा कळ दाबली आणि सारी उपकरणे एकदम उजळली, तेव्हा त्याचे डोळे भरून आले. आपण तर नुसते तांबे आणि प्लास्टिक जोडले होते. ते पाहू आणि बोलू कधी लागले, हेच त्याला कळेना.

त्याचे गुरू वृद्ध होते. त्यांचे सारे आयुष्य विमानांच्या विद्युत्‌यंत्रणेत गेले होते. पहिल्या उड्डाणाच्या सकाळी ते माळावरच्या शेडमध्ये आले. बाहेर गाव लोटले होते, सनई वाजत होती, आणि उड्डाणाची परवानगी तेवढ्या एकाच दिवसाची होती.

"सगळं झालं ना?" गुरूंनी विचारले.

"झालं, गुरुजी. एकच कटकट होती. इंजिन चालू केलं की रेडिओचा फ्यूज उडायचा. दुसरा बसवला, तोही उडाला. शेवटी काल चांगला दणकट बसवला आणि इंजिन चालवून पाहिलं. आता हूं की चूं नाही."

हसू नका. आपल्या घरी फ्यूज उडाला की आपण तरी काय करतो? जाड तार गुंडाळतो, आणि दिवे लागले की स्वतःच्या हुशारीवर खूश होतो. फरक एवढाच, की आपले घर जमिनीवर असते.

कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याशी जाऊन गुरू वाकले आणि त्यांनी ते दोन्ही जळके फ्यूज शोधून काढले. सदऱ्याला पुसले, तळहातावर घेतले आणि कपाळाला लावून नमस्कार केला.

शिष्याला वाटले, वयामुळे गुरुजींचा काही घोटाळा होतो आहे. "गुरुजी, ते वाया गेलेत."

"वाया? फ्यूज कुणाला वाचवायला बसवतात, सांग बरं."

"रेडिओला."

"नाही रे बाळा. रेडिओ गेला तर गेला, त्याच्यावाचूनही उतरता येतं. हा तारेला वाचवतो. तार तापून पेटली, तर वर आभाळात कुठे उतरून बघणार आहेस? म्हणून तिच्या वाटेत मुद्दाम एक नाजूक तुकडा ठेवायचा आणि त्याला सांगायचं, काही बिघडलं तर पहिला तू जा. तो जातो. त्याला बोलता येत नाही, तो नुसता जातो. तुझ्यासाठी हे दोघे गेले, आणि का गेले ते तू विचारलंसच नाहीस. चल, आता तरी विचारू."

त्यांनी पॅनेल उघडायला लावले. रेडिओची तार बोटांनी चाचपत दोघे आत आत गेले. एका पत्र्याच्या पट्टीतून ती आरपार जात होती. तिथल्या भोकाच्या धारदार कडेला रबरी कडे बसवायचे राहून गेले होते. इंजिनाच्या हादऱ्यांनी तार घासून उघडी पडली होती आणि तिचे तांबे पत्र्याला टेकत होते. कालच्या एका चाचणीतच तिचे आवरण तपकिरी पडून वितळू लागले होते. बोटभर अंतरावरून पेट्रोलची नळी जात होती.

एवढे मोठे आकाश, एवढे यंत्र, इतक्या वर्षांचे स्वप्न, आणि शिष्याच्या मरणाच्या वाटेत आडवा उभा राहिला होता केसाएवढा धातू. त्याने हात जोडले. कुणाला, ते त्याचे त्यालाही सांगता आले नसते.

मग सनईचा आवाज त्याच्या कानी आला. "गुरुजी, एवढी एक तार बदलतो. तासाभरात होईल."

"बाकीच्या भोकांना रबरी कडी बसवली आहेस?"

शिष्याने आठवून पाहिले. त्याला आठवेना.

शिष्य बाहेर गेला. "आज विमान उडणार नाही," तो म्हणाला. "चूक माझी आहे." सनई थांबली. कुणी फिदीफिदी हसले, कुणी लांबून आल्याबद्दल कुरकुरले, आणि हळूहळू लोक पांगू लागले. शरमेने त्याची मान वर होईना.

त्याची आई ओवाळणीचे तबक घेऊन पुढेच उभी होती. इतक्या वर्षांत तिने त्याला एका शब्दाने अडवले नव्हते. तिने जवळ येऊन हळूच विचारले, "म्हणजे आज दुपारी जेवायला घरी आहेस?"

"आहे, आई."

तिने तबक खाली ठेवले, तोंडाला पदर लावला आणि ती लहान मुलासारखी हमसून हमसून रडली. शिष्य तिच्याजवळ मातीतच बसून राहिला. पुढे एकेक भोक तपासून कडी बसवायला त्याला सारा पावसाळा लागला, पण घाई त्याला पुन्हा कधी झाली नाही.