चांदीच्या फुलांचं खोगीर

सरदार धारराव नव्या खोगिरावर बसले की मोरणी घोडी उधळायची. दसऱ्याच्या मिरवणुकीत तर तिनं त्यांना आपटलंच.

"खोडील आहे! उद्या गोळी घाला."

घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दार बहिर्जीनं तिला शिंगरू असल्यापासून वाढवलं होतं. त्यानं खोगिराखालून हात फिरवला. सरदारांनी हौसेनं वर चांदीची फुलं ठोकवून घेतली होती, त्यांचे खिळे खाली आले होते. त्यानं खोगीर उलटं मांडलं आणि वर पातळ चादर टाकली.

"सरकार, टेका. घोडीची बाजू ऐकून घ्या."

सरदार ऐटीत बसले आणि किंचाळून उठले.

"मारतोस काय रे?"

"सरकार, आपण नुसते खिळ्यांवर बसलात. तिच्या पाठीवर खिळेही होते आणि आपणही."

पाठीमागं चोळत सरदारांनी सोनाराला बोलावलं, बंदूक परत ठेवायला सांगितली.