दोन वाजताची नाडी

हर्नियाच्या साध्या ऑपरेशननंतर इंदुबाई घोलपांचा नवरा सकाळी अकरा वाजता रक्तस्राव होऊन गेला. इंदुबाईंनी हाका मारमारून घसा कोरडा केला, पण खाटेपाशी कोणी फिरकलं नाही.

दोन वर्षांनी ग्राहक आयोगापुढे ऑपरेशन करणारे डॉक्टर रत्नपारखी छाती काढून उभे राहिले. "आमची सिस्टर दर तासाला नाडी बघत होती. हा घ्या तक्ता!"

इंदुबाईंनी तक्ता मागून घेतला. अंगणवाडीत वह्या भरण्यात उभा जन्म गेलेला. ड्यूटीवर येतानाच शेवटपर्यंतचे रकाने भरून मोकळं व्हायची खोड त्या चांगली ओळखून होत्या. त्यांचं बोट सावकाश खाली सरकलं आणि थांबलं.

"डॉक्टरसाहेब, यातलं सगळं खरं?"

"अक्षर न् अक्षर. खाली माझी सही आहे."

"त्याच दिवशी दुपारी दोन वाजता नाडी अठ्ठ्याहत्तर, पेशंट आरामात. हेही?"

डॉक्टरांनी तक्ता परत घ्यायला हात पुढे केला.

इंदुबाई अध्यक्षांकडे वळल्या. "साहेब, साडेअकराला यांनी चादरीत गुंडाळून कोणाला माझ्या ताब्यात दिलं, ते राहू द्या. दोन वाजता आरामात होते, तर आमचे हे आहेत कुठं, तेवढं विचारा. मला त्यांना घरी न्यायचंय."