राणीला कव्हर

एका गावात एक भोळा भाऊ होता. गेनू त्याचं नाव. त्याला एकच थोरला भाऊ, तुळशीराम. आईबाप लहानपणीच गेले. तुळशीरामनंच गेनूला भरवलं, न्हाऊ घातलं, वाढवलं. गेनू वाढला. अक्कल तेवढी वाढायची राहिली.

तुळशीरामचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानामागं कॅरम. पाच गावांत त्याला हरवणारा कुणी नव्हता. खेळायचा तो कायम पांढऱ्या सोंगट्यांनी. पण तेहतीस वर्षांचा झाला तरी त्याचं लग्न जमत नव्हतं. जमत आलं की गेनू काहीतरी करायचा. एकदा त्याला सांगितलं, "पाहुण्यांचे पाय धू." त्यानं धुतले. पायांत बूट होते, तेही धुतले.

तुळशीराम म्हणाला, "कॅरम शिकला तर हा निदान एका जागी बसेल. मग माझं लग्न होईल."

म्हणून त्यानं गेनूला समोर बसवलं आणि पहिला धडा दिला.

"हे बघ गेन्या. सोंगटीला हात लावायचा नाही. स्ट्रायकरनं टोला द्यायचा आणि कोपऱ्यातल्या भोकात घालायची."

"हात लावायचा नाही," गेनू म्हणाला. "टोला द्यायचा. कोपऱ्यात घालायची."

दुसऱ्या दिवशी शेजारच्या सखूकाकूंनी हाक मारली. त्या पाणी भरत होत्या. "गेन्या, चुलीवर दूध उतू जातंय बघ. पातेलं तेवढं उतरव!"

गेनू आत गेला. दूध वर आलं होतं. त्यानं हात मागं घेतला. इकडंतिकडं पाहिलं. पाट्यावर वरवंटा होता. एक डोळा मिटून त्यानं नेम धरला आणि पातेल्याला टोला दिला. पातेलं कोपऱ्यातल्या मोरीत गेलं. दूध मोरीच्या भोकातून थेट गटारात.

"काकू!" गेनू ओरडला. "एका फटक्यात गेलं!"

तुळशीरामनं कपाळावर हात मारला. "अरे, ते कॅरमपुरतं होतं!"

"मग आधी सांगायचं की, दादा."

"आणि एवढ्या जोरात कुणी मारतं का? काही अडलं की वर पावडर टाकायची. मग नुसती टिचकी पुरते."

"अडलं की पावडर," गेनू म्हणाला. "मग टिचकी."

त्याच आठवड्यात पाहुणे आले. म्हणजे एकच पाहुणा आला, मुलीचा मामा. मुलगी शेवंता. तिलाही आईबाप नव्हते. मामानंच तिला लहानाची मोठी केली होती. मामा काडीसारखा बारीक, पण मिशा भरघोस. त्यानं घर पाहिलं, दुकान पाहिलं, चहा घेतला. मग खोकला.

"मुलगा चांगला आहे. घर चांगलं आहे. पण एका ठिकाणी अडलंय बघा."

गेनूनं कान टवकारले.

"काय अडलंय, मामा?" तुळशीरामनं विचारलं.

"तुमचा हा भाऊ..."

मामाचं वाक्य पुरं झालं नाही. गेनूनं पावडरीचा अख्खा डबा त्याच्या डोक्यावर उपडा केला. टोपी पांढरी झाली. मिशा पांढऱ्या झाल्या. मग गेनूनं त्याच्या कपाळावर एक टिचकी मारली.

"सुटलं का?" त्यानं विचारलं.

मामा उठला आणि तसाच चालत सुटला. चहाची बशी हातातच होती.

तुळशीराम कपाळ धरून खाली बसला. "ते कॅरमपुरतं होतं रे!"

"मग आधी सांगायचं की, दादा."

मामा घरी पोचला. शेवंतानं दार उघडलं आणि पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा मामा पाहिला. काय झालं ते मामानं सांगितलं. टिचकीपर्यंत आला आणि शेवंता हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली. आईबाप गेल्यापासून ती अशी हसली नव्हती.

"मी त्याच घरात जाणार," ती म्हणाली.

मामा काय करतो? बशी परत द्यायच्या निमित्तानं आला आणि होकार देऊन गेला.

तुळशीराम आनंदानं वेडा झाला. पण साखरपुडा गेनूच्या समोरच व्हायचा होता. तुळशीरामनं त्याला तिसरा धडा दिला. "खेळ चालू असताना जागचं उठायचं नाही. बूड उचललं की फाउल."

"बूड उचलायचं नाही," गेनू म्हणाला.

साखरपुड्याला मंडळी जमली. गेनू एका लोखंडी पेटीवर बसला. दोन तास गप्प बसला. तुळशीराम खूश झाला. मग भटजी म्हणाले, "मुलीची साडी आणा."

साडी पेटीत होती.

"गेन्या, ऊठ."

"खेळ संपला का?"

"संपतोय कुठला! आता तर सुरू होतोय."

"मग कसा उठू?"

चार जणांनी ओढला. गेनू हलला नाही. शेवटी पेटीसकट त्याला उचलून शेवंतापुढं ठेवलं. शेवंतानं तोंडाला पदर लावला. मामानं मात्र आपली टोपी काढून लांब ठेवली.

"कॅरमपुरतं, गेन्या! कॅरमपुरतं!"

"मग आधी सांगायचं की, दादा."

हळदीच्या दिवशी दुपारी मित्रांनी तुळशीरामला दुकानामागं बसवलं. शेवटचा एक डाव. अंगाला हळद, हातात स्ट्रायकर. त्यानं राणी, मधली लाल सोंगटी, घेतली. पण पाठोपाठची पांढरी सोंगटी हुकली.

"गेली!" मित्र ओरडले. "राणी घेतली, पण कव्हर नाही! चल, काढ बाहेर!"

गेनूचा चेहरा उतरला. "राणी परत जाते?"

"जाते की," तुळशीराम म्हणाला. "राणी घेतली की लगेच आपल्या रंगाची एक घ्यावी लागते, तेच कव्हर. नाहीतर राणी राहत नाही."

पुढच्याच टोल्याला स्ट्रायकर भोकात गेला. "फाउल!" मित्र ओरडले. तुळशीरामनं मिळवलेली एक पांढरी सोंगटी दंड म्हणून काढली आणि पटाच्या मधोमध गोलात ठेवली. गेनू सगळं बघत होता. तिथंच काय ते ओळखायला हवं होतं.

लग्न शेवंताच्या गावी झालं, आणि बिनघोर झालं. जीप सजली. शेवंता बसली, तुळशीराम बसला. मामा पांढरं धोतर, पांढरा सदरा, पांढरा फेटा घालून जीपपाशी उभा होता. फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसत होता.

"जावईबापू, माझी राणी आहे ही. सांभाळा."

गेनू दचकला. "राणी?"

त्यानं जीपमध्ये पाहिलं. राणी होती. कव्हर नव्हतं. जीप सुरू झाली होती. दादाची राणी परत जाणार होती.

गेनूनं मामाला खालपासून वरपर्यंत पाहिलं. पांढरं. सगळं पांढरं. त्यानं मामाला कमरेला धरून उचललं, जीपमध्ये टाकलं आणि मागून स्वतः चढला.

"हाण गाडी!"

"अरे, उतरव मला!" मामा ओरडला. "माझी म्हैस बांधलीय घरी!"

"म्हैस काळी आहे. ती आपली नाही."

"उतरव म्हणतो ना!"

"उतरा की. मग राणीपण परत जाईल."

मामानं शेवंताकडं पाहिलं. शेवंतानं त्याचा हात घट्ट धरला होता. मामानं फेटा सारखा केला आणि नीट टेकून बसला. म्हशीला पाणी दाखवायला त्यानं शेजाऱ्याला जीपमधूनच हाक मारून सांगितलं.

तुळशीरामनं कपाळाकडं हात नेला. मध्येच थांबला.

घर आलं. सखूकाकूंनी अंगणाच्या मधोमध गोल रांगोळी काढली होती, लाल आणि काळी. शेवंतानं उंबऱ्यावरचं माप ओलांडलं आणि आत गेली. मामा उंबऱ्यात घुटमळला. भाचीच्या सासरी कसं जायचं? तुळशीरामनं मागून हलकेच ढकललं. मामा आत गेला.

"दोन्ही गेल्या!" गेनू ओरडला. त्यानं आत उडी घेतली आणि दार लावून घेतलं. कडी घातली.

नवरदेव बाहेर. मुंडावळ्या बाहेर.

"गेन्या, दार उघड!"

"नाही दादा. तू स्ट्रायकर आहेस. आत आलास की फाउल."

"गेन्या! अरे, ते कॅरमपुरतं होतं!"

"आता सांगून काय उपयोग? डाव लागला."

तुळशीराम घराला वळसा घालून गेला. परसातून, गोवऱ्यांच्या ढिगावरून, मागच्या दारानं आत शिरला आणि हुश्श करून शेवंताशेजारी बसला.

गेनूनं त्याला पाहिलं. फार वाईट वाटलं त्याला. पण नियम तो नियम.

"फाउल," तो म्हणाला.

त्यानं मामाला उचललं, कडी काढली, बाहेर नेलं आणि रांगोळीच्या गोलात मधोमध ठेवलं. मामा तसाच उभा राहिला, हात अंगाला चिकटवून. आतून शेवंताचं हसू ऐकू येत होतं, थांबतच नव्हतं. मामानं मिशीवरून हात फिरवला आणि घराकडं तोंड करून हाक दिली.

"जावईबापू, या बाहेर. आता तरी नेम नीट धरा!"