सतारीविना जवारी

"चाचा, नुसते भोपळे पाठवले तर बिघडतं काय?"

मेहबूबचाचांनी मान वर केली नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीतल्या आपल्या दुकानात ते एका जुन्या सतारीच्या तारा सैल करत बसले होते. समोर निसार. एकेकाळचा त्यांचा शागीर्द, आता सतारी परदेशात धाडणारा बडा असामी. ऐट तीच, पण आज स्वारीचा जीव टांगणीला लागला होता.

तिकडच्या सरकारनं शिसवी लाकडावर निर्बंध घातले आणि निसारच्या सतारी बंदरातच अडकून पडल्या. मग तिकडच्या व्यापाऱ्यानं तोड काढली. मिरजेनं फक्त भोपळे द्यायचे, आणि तारा जिच्यावर टेकतात ती घोडी. लाकूड त्यांचं, जोडणीही तिकडेच. संध्याकाळपर्यंत होकार कळवायचा होता.

"काम निम्मं होतंय, पैसा तेवढाच," निसार म्हणाला. "नाही म्हटलं तर कारागीर घरी बसवावे लागतील, चाचा."

"जवारी कोण लावणार?"

घोडी घासून घासून तारेत गुंजन आणायचं, ती जवारी. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक.

"आपणच की. इथनं लावूनच पाठवू."

चाचा उठले. कोनाड्यातनं हाडाची एक कोरी घोडी काढली, एक कानस काढली. दोन्ही निसारच्या हातात ठेवल्या.

"लाव."

"आणि सतार?"

"ती तिकडं आहे ना..."

निसार हसायला गेला, पण हसू काही आलं नाही. हाडाचा तो तुकडा तळहातावर नुसता पडून राहिला. वर आढ्याला भोपळे टांगलेले होते, लाखेचा वास होता तसाच होता. याच पाटावर बसून तो दिवसभर कानस चालवायचा. जरा घासायचं, तार छेडायची, पुन्हा घासायचं. चाचा पलीकडे डोळे मिटून ऐकायचे आणि "थांब" म्हणाले की थांबायचं. किती वर्षांत ते "थांब" कानावर पडलं नव्हतं.

"तुमचे उस्ताद सांबरशिंगाच्या घोड्या करायचे ना?"

"करायचे. काय गोड बोलायच्या रे त्या..." चाचांचा आवाज हळवा झाला. "सरकारनं शिंग बंद केलं. उस्ताद रडले. मग उंटाचं हाड आणलं, आणि परत ऐकायला बसले."

निसारची नजर फिरली. कोपऱ्यात सतारीला चालणाऱ्या तुणाच्या लाकडाच्या फळ्या रचलेल्या होत्या. त्या लाकडाला कुणाची आडकाठी नव्हती.

त्यानं फोन लावला. सतार अख्खीच येईल, तुणाची येईल, पण उशिरा येईल, एवढं सांगितलं. पलीकडचा व्यापारी विचार करून कळवतो म्हणाला.

निसारनं फोन खिशात टाकला. चाचांपुढची सतार ओढून घेतली, तिच्यावर ती कोरी घोडी बसवली, तारा ताणल्या. कानस फिरवली आणि तार छेडली.

"चाचा, उद्या हे लाकूडही बंद केलं तर?"

चाचांनी डोळे मिटले होते.

"घास अजून. खर्जाची तार झोपलीय."