गवताला तुरे आले तेव्हा

मुलांनो, सागाचे रान जिथे संपते आणि नदीपर्यंत गवताचा माळ पसरतो, अशा एका जागी फार पूर्वी चितळांचा एक कळप राहत असे. कळपाच्या पुढे एक हरिणी चाले. वाऱ्यावर आलेला वास बिबट्याचा की रानडुकराचा, आत्ताचा की कालचा, हे ती उभ्या उभ्या ओळखत असे. ती थांबली की सगळे थांबत, ती निघाली की सगळे निघत. तिचे नाक हीच कळपाची राखण होती.

अश्विनात गवताला तुरे येत आणि वारा सुटला की त्यांतून बारीक पिवळी धूळ उडे. बाकीच्यांना तिचे काही वाटत नसे. हरिणीचे मात्र डोळे चुरचुरत, नाक आधी वाही आणि मग चोंदून जाई, शिंकांवर शिंका येत. त्या दिवसांत तिला कशाचाही वास येत नसे. दोन वर्षे तिने हे लपवले आणि काही बिघडले नाही. म्हणून तिसऱ्या वर्षीही ती गप्पच राहिली.

एका सकाळी झाडावरून वानराने तिला हाक मारली, "काय मावशी, आज पुन्हा रडताय?"

"रडत नाही. डोळ्यात कचरा गेलाय."

"चार दिवस तोच कचरा? मोठा चिवट दिसतो!" वानर हसला. मग खालच्या फांदीवर येऊन हळूच म्हणाला, "मावशी, मला वरून लांबचं दिसतं. गवतात दबा धरून बसलेलं दिसत नाही. त्याला तुमचं नाकच लागतं. सांगून टाका सगळ्यांना."

"आणि सांगितल्यावर मला पुढे कोण चालू देईल? वाऱ्याचे चार दिवस आहेत, जातील."

हरिणीची धाकटी बहीण जवळच चरत होती. तिच्या पायाशी तिचे पाडस होते. तिने हे ऐकले आणि ती म्हणाली, "ताई, आज तू मधे चाल. मी पुढे होते. कुणाला काही सांगायला नको, मग तर झालं?"

"माझं नाक अजून जागेवर आहे," हरिणी म्हणाली. "तू आधी आपल्या पाडसाकडे बघ."

 पाडसाला मागच्या हरिणींजवळ ठेवून बहीण ताईच्या पाठोपाठ चालू लागली.

कळप पाण्याकडे निघाला होता. माळाच्या मध्यावर समोरून वारा आला, तुरे हलले आणि हरिणीला शिंकांची उबळ आली. तिचे डोळे मिटले. त्याच वाऱ्यावर बिबट्याचा वास होता. तो तिला आला नाही, बहिणीला आला. बहीण मोठ्याने ओरडली. सारा कळप मागे फिरून रानाकडे धावला. हरिणी मात्र शिंकतच होती. कुठे पळावे हे तिला कळेना. तेव्हा बहीण पुढे आली आणि तिने खांद्याने ताईला जोरात ढकलले. त्या एका ढकलण्यापुरती बहीण थांबली. बिबट्याला तेवढे पुरे झाले.

संध्याकाळी कळप रानाच्या कडेला गोळा झाला.  पाडस एकेका हरिणीजवळ जाऊन हुंगत होते आणि पुढे जात होते. ते पाहून हरिणी सर्वांसमोर आली. ती म्हणाली, "अश्विनात मला वास येत नाही. तीन वर्षं झाली. मी लपवलं."

 मग कळपातला म्हातारा नर म्हणाला, "हे आधी सांगितलं असतंस, तर आम्ही हसलो असतो. दोन दिवस हसलो असतो. तिसऱ्या दिवशी दुसरं कुणीतरी पुढे चाललं असतं."



दुसऱ्या दिवसापासून तुऱ्यांच्या दिवसांत ती कळपाच्या मधे चालू लागली. वारा सुटला की ती रानाच्या आत राही. दंवाने गवत ओले असे, धूळ बसलेली असे, तेवढ्या वेळात चरून घेई. नदीवर गेली की आधी तोंड पाण्यात बुडवी. शिंका गेल्या नाहीत, कमी झाल्या. बहिणीचे पाडस तिच्याबरोबर वाढले.

दोन वर्षांनी ते पाडस तरणी हरिणी झाले. आईसारखेच तिचे नाक तीक्ष्ण निघाले, आणि त्या अश्विनात कळपाने तिला प्रथमच पुढे उभे केले. सगळे निघण्याच्या तयारीत होते. तेवढ्यात शिंक दाबण्यासाठी तिने मान वळवून तोंड गवतात खुपसले. मावशीने ते पाहिले आणि ती जागीच थांबली. 

तरण्या हरिणीने मान वर केली. तिचे डोळे लाल झाले होते.

"आज मी पुढे चालणार नाही," ती सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाली. "मला शिंका येतायत. वास लागत नाही."

मागे कुणीतरी फिसकन हसले. मग एक दुसरी हरिणी पुढे झाली, तरणी मधे येऊन मावशीच्या अंगाला लागून उभी राहिली आणि कळप पाण्याकडे निघाला.

तात्पर्य : दुखणे लहान असले तरी ते वेळीच बोलून दाखवावे. लपवलेल्या दुखण्याची झळ आपल्याआधी आपल्या जवळच्यांना लागते.