आमचं, त्यांचं आणि आपलं

बसच्या वेळा सांगणाऱ्या ॲपच्या प्रोग्राममधल्या त्याच ओळी दळवी साहेबांनीही बदलल्या आणि तबस्सुमनेही. दोन्ही कामं जोडताना संगणक अडला: कोणाचं ठेवू?

“आमचं ठेव, त्यांचं उडव,” साहेब जोडणी करणाऱ्या ऋजुताला म्हणाले. “नेहमीसारखं!”

तबस्सुमची सगळी मेहनत पुसली जाणार होती. ऋजुता हळूच म्हणाली, “सर, ‘आमचं’ आणि ‘त्यांचं’ एवढं यंत्रालाही जमतं. ‘आपलं’ करायला माणूस लागतो.”

सगळे हसले. साहेब ओशाळले. “बरं बाई, दोन्ही नीट जुळव. तबस्सुमलाही बोलाव.”

ऋजुता आनंदाने धावली. तबस्सुमची खुर्ची रिकामी होती.

“सकाळीच एचआरकडे राजीनामा देऊन गेली,” शेजारच्या खुर्चीवरची म्हणाली. “इथे माझं काही टिकतच नाही, म्हणाली.”

ऋजुताला वाटलं, हे उत्तर आपल्याला कालच सुचायला हवं होतं.