रांजणातली बुरशी

नदीकाठच्या एका बाजारपेठेच्या गावात मल्लाप्पा नावाचा तंबाखूचा व्यापारी राहत होता. त्याची तंबाखू गुडगुडीत ओढायची. पान कुटायचं, त्यात गूळ आणि पिकलेली केळी कालवायची आणि सगळं रांजणात मुरत ठेवायचं, असा त्याच्या घरचा धंदा. मागच्या खोलीत आजोबांनी बसवलेला एक भला मोठा रांजण होता, अर्धा जमिनीत पुरलेला. त्या रांजणाचा एक नेम होता. तो तळापर्यंत कधी रिता करायचा नाही. थोडी जुनी तंबाखू तळाशी राखायची आणि दुधाला विरजण लावावं तशी ती नव्या तंबाखूला लावायची. आजोबांनी हे केलं, वडिलांनी केलं, मल्लाप्पाही करत आला. गावातली माणसं गुडगुडी ओढताना म्हणायची, की या धुरात मल्लाप्पाचा आजा आहे. हे ऐकून मल्लाप्पाला इतकं बरं वाटायचं, की तो मुद्दाम ऐकू न आल्यासारखं करायचा. म्हणजे माणसं पुन्हा म्हणायची.

दसऱ्याला रांजण उघडायचा. गावातली जाणती मंडळी दुकानाच्या ओसरीवर जमायची आणि पहिल्या चिलमीचा मान आडगोंडा पाटलांचा असायचा. पाटील वयानं थकले होते आणि दम्यानं त्याहून थकले होते. वैद्यानं त्यांची गुडगुडी केव्हाच बंद केली होती, पण दसऱ्याचा हा एक झुरका काही त्यांच्याच्यानं सुटत नव्हता. ते झुरका घ्यायचे, मान डोलवायचे आणि मग बाकीचे लोक आपापली वर्षाची तंबाखू बांधून घ्यायचे. पाटलांची मान डोलली नाही, असं कधी झालं नव्हतं.

एका वर्षी पावसाळ्यात मागच्या खोलीवरचं कौल सरकलं. बायको नीलव्वा ते सरळ करून घ्या म्हणून मागे लागली. मल्लाप्पा म्हणाला, "बघू." हे 'बघू' अर्धा पावसाळा पुरलं. रांजणाच्या तोंडाला बांधलेल्या फडक्यावर पाणी ठिबकत राहिलं. पुढे नवी तंबाखू घालायची वेळ आली, तेव्हा मल्लाप्पानं फडकं सोडलं, आत वाकून पाहिलं आणि तो तसाच वाकलेला राहिला.

आत सगळं पांढरं झालं होतं. पिंजलेला कापूस पसरावा तशी बुरशी या काठापासून त्या काठापर्यंत चढली होती आणि मधेमधे हिरवट डाग पडले होते. भिजून कुजलेल्या गोणपाटासारखा वास नाकात शिरला. मल्लाप्पानं फडकं पुन्हा टाकलं, जरा थांबला आणि पुन्हा उचललं, जणू तेवढ्यात आतलं काही बदलणार होतं. मग तो तिथंच भुईवर बसला. आजोबांनी जपलं, वडिलांनी जपलं आणि आपल्या हातून हे झालं, एवढंच त्याच्या मनात फिरत राहिलं.

नीलव्वानं येऊन आत पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

"हे समदं टाकून द्या," ती म्हणाली. "रांजण चुन्यानं धुऊन काढू आन् नवं मुरवू."

"आज्जाचं इरजण टाकून देऊ? गाव काय म्हनंल?"

"गावाला सांगायचं, कौल सरकलं, बुरशी धरली. ह्यात चोरी कसली?"

चोरी नव्हती हे मल्लाप्पालाही कळत होतं. पण मल्लाप्पाच्या रांजणाला बुरशी लागली, हे वाक्य उद्या ओसरीवर कुणीतरी बोलेल, ही कल्पनाच त्याला सोसेना. त्यानं भरदुपारी दुकानाच्या फळ्या लावून घेतल्या. नारळाची करवंटी घेऊन वरची बुरशी खरवडली आणि उकिरड्यात खोल पुरली. खाली तंबाखू पुन्हा काळीभोर दिसू लागली, तेव्हा त्याचा जीव भांड्यात पडला. तिच्यावर त्यानं केवड्याचं पाणी शिंपडलं, गूळ थोडा जास्तच घातला आणि त्या हंगामाची सगळी नवी तंबाखू त्याच रांजणात ओतली. चांगल्याच्या संगतीनं वाईटही चांगलं होईल, असं त्यानं स्वतःला समजावलं. बुरशीला हे कुणी समजावलं नव्हतं.

दसरा जवळ आला तसं त्यानं फडकं उचलून पाहिलं. बुरशी परत आली होती, तीही नव्या तंबाखूवर. आधी थोडं फेकायचं होतं, आता सगळ्या वर्षाचा माल फेकण्याजोगा झाला होता. आधी जे बोलायला जड गेलं होतं, ते आता दसपट जड झालं. मल्लाप्पानं पुन्हा करवंटी घेतली, पुन्हा केवडा शिंपडला. बायकोच्या नजरेला नजर देणं मात्र त्यानं सोडून दिलं.

दसऱ्याच्या सकाळी नीलव्वा चिलीम पुसून त्याच्या हातात देताना म्हणाली, "अजून येळ गेली न्हाई. पाटीलकाका दम्याचं मानूस हाईत. त्यांच्या छातीत हे सोसायचं न्हाई."

"एकच झुरका घेत्यात की," मल्लाप्पा म्हणाला. आपल्याच तोंडचं हे वाक्य ऐकून तो दचकला, पण त्यानं ते परत घेतलं नाही.

मंडळी जमली. पाटील दोघांच्या आधारानं आले. उंबऱ्याशी ते क्षणभर थांबले, उपरण्यानं नाक पुसलं आणि ओसरीवर येऊन आपल्या जागी बसले. मल्लाप्पानं चिलीम भरली, चिमट्यानं निखारा उचलला. हात इतका थरथरत होता, की निखारा चिलमीवर बसेना.

"काय रं मल्लू," पाटील हसून म्हणाले, "हात का कापाय लागलाय? म्हातारा मी हाय का तू?"

सगळे हसले. मल्लाप्पाही हसला. तेव्हा त्याच्या ओठांवर शब्द आला होता. थांबा काका, एवढंच म्हणायचं होतं. त्यानं तो शब्द गिळला आणि निखारा ठेवला.

पाटलांनी झुरका घेतला. गुडगुडीतलं पाणी वाजलं, धूर आत गेला. त्यांची मान डोलली नाही. त्यांनी मल्लाप्पाकडे पाहिलं आणि मग खोकला सुरू झाला. तो थांबेना. खोकता खोकता श्वास आत जाईना, ओठ काळेनिळे पडले, डोळे विस्फारले आणि पाटील बसल्या जागी आडवे झाले. ओसरीवरच्या माणसांना काय करावं सुचेना. कुणी पाणी म्हणालं, कुणी वैद्याकडे धावलं. मल्लाप्पा चिमटा हातात धरून उभा होता. पुढे जावं, म्हाताऱ्याला उचलावं, हे त्याला कळत होतं, पण अंगातला एकही अवयव जागचा हलत नव्हता. आपण माणूस मारला, असं त्याला त्या घटकेला स्पष्ट वाटलं.

नीलव्वानं पाटलांना उठवून बसतं केलं, पाठीला आधार दिला, गरम पाण्याचा शेक दिला. वैद्य आले. बऱ्याच वेळानं पाटलांच्या छातीत कसाबसा वारा खेळू लागला. मग वैद्यांनी गुडगुडीवरची चिलीम उचलून हुंगली आणि मल्लाप्पाकडे वळले.

"मल्लाप्पा, यात काय आहे?"

मल्लाप्पा बोलायच्या आधीच ओसरीवरून एक शेतकरी म्हणाला, "वैद्यबुवा, तंबाखूला नाव ठेवू नका. ह्या रांजणातलं कधी वंगाळ निघायचं न्हाई. दुसरं कायतरी आसंल." आणि बाकीच्यांनी माना हलवल्या.

हे ऐकून मल्लाप्पाला उभं राहवेना. समोर माणूस मरता मरता वाचला होता आणि गाव अजून त्याचीच बाजू घेत होतं.

"बुरशी हाय," तो म्हणाला. "समद्या रांजणात हाय. मला ठाऊक हुतं."

रागवायलाही आधी खरं वाटावं लागतं आणि ते कुणाला खरं वाटत नव्हतं. मघाचा शेतकरी तर तोंड उघडं टाकून बघत राहिला. मल्लाप्पानं पाटलांचे पाय धरले.

"काका, मला मारा. काय वाट्टेल ते बोला."

पाटलांना बोलायला धाप लागत होती. एकेक शब्द थांबून थांबून ते म्हणाले, "वास मला उंबऱ्यातच आलता, मल्लू. पन तुझ्या घरात असलं हुईल, हे मनात आलं न्हाई. म्हटलं, माझंच नाक म्हातारं झालं आसंल. म्हनून वडली."

मल्लाप्पाला कुणी चारचौघांत थोबाडीत मारली असती, तरी ती परवडली असती. तो पाटलांच्या पायांशी ढसाढसा रडला. मग उठून मागच्या खोलीत गेला, रांजणाचं फडकं सोडलं आणि सगळ्यांच्या देखत आजोबांच्या तंबाखूसकट तो तळापर्यंत रिता करू लागला.

तात्पर्य: ज्याच्यावर लोकांचा भरवसा असतो, त्याच्यावर शंका घेण्याआधी लोक स्वतःवर शंका घेतात; म्हणून आपल्या घरची बुरशी आपणच आधी दाखवावी आणि वेळेवर टाकून द्यावी.